रिकामा रकाना

रामवाडीला कोणी मुक्कामाला येत नाही. पेण शहराच्या कडेला, मुंबई-गोवा महामार्गालगत एसटीचं स्थानक आहे, एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय आहे, आणि आमच्यासारख्यांची घरं आहेत. पण कोकणात उतरणाऱ्या माणसाच्या लेखी रामवाडी म्हणजे कंडक्टरने "दहा मिनिटं थांबेल" असं ओरडल्यावर खाली उतरायची जागा. त्या दहा मिनिटांत माणूस पाय मोकळे करतो, चहा घेतो, वडा गरम आहे का असं विचारतो आणि गार असला तरी घेतो. ड्रायव्हरने पुन्हा दार उघडलं की धावत सुटतो. मी स्थानकाजवळ राहत असल्यामुळे हा देखावा मला बारमाही आणि फुकट बघायला मिळतो. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे, की सबंध कोकण सहलीत माणसाच्या चेहऱ्यावर खरी विश्रांती दिसते ती या दहा मिनिटांत. कारण इथे बघण्यासारखं काही नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. बघण्यासारखं काही नसलं की डोळ्यांना, पायांना आणि मोबाइलला एकदमच सुट्टी मिळते.

पूर्वी आमच्याकडे पाहुणा येई तो वळकटी नाहीतर पत्र्याची ट्रंक घेऊन. ट्रंक जड असे, त्यामुळे एकदा ठेवली की ती आठ दिवस हलत नसे आणि पाहुणाही हलत नसे. आता पाहुणे पाठीवर सॅक घेऊन येतात. माझा भाचा पुण्याहून आला त्याच्या सॅकमध्ये साठ लिटर मावतं म्हणे. आमच्या पिढीने लिटरवर दूध आणि रॉकेल मोजलं. बनियन आणि टॉवेल लिटरवर मोजलेले मी पहिल्यांदाच ऐकले. पाठीवरचं ओझं कधीही उचलता येतं, म्हणून ते सारखं उचललं जातं, हा या सॅकचा मोठा दोष आहे.

भाचा आणि भाचेसून पौषात चार दिवसांसाठी आली होती. "मामा, बेस तुमच्याकडे, बाकी फिरणार," असं त्याने फोनवरच सांगितलं होतं. आल्या आल्या त्याने लॅपटॉप उघडून एक कोष्टक दाखवलं. वेळ, ठिकाण, अंतर, खर्च असे रकाने होते. पहिला दिवस: हमरापूर-जोह्याचे गणपती कारखाने, विनोबांचं गागोदे, सांकशीचा किल्ला. दुसरा दिवस: अलिबाग, कुलाबा किल्ला, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड-जंजिरा. तिसरा दिवस: कोलाडला राफ्टिंग, मग अवचितगड, घोसाळगड, तळगड आणि कुडा लेणी. चौथा दिवस: पालीचा बल्लाळेश्वर, सरसगड, उन्हेऱ्याचे गरम पाण्याचे झरे आणि सुधागड, 'वेळ उरल्यास'. सुधागडासारखा अवाढव्य किल्ला 'वेळ उरल्यास' म्हणून लिहिणारा माणूस मी प्रथमच बघत होतो. भोरच्या पंतसचिवांनाही तो इतका सहज वाटला नसेल.

शेवटचा रकाना मात्र मला फारच आवडला. त्याचं नाव होतं 'आराम'. दुसऱ्या दिवसासमोर त्यात लिहिलं होतं: 'काशीद, समुद्रकिनारा, दुपारी ४.३० ते ५.१५'.

"बॅलन्स ठेवलाय मामा," भाचा म्हणाला. "साइटसीइंगही आहे, रिलॅक्सेशनही आहे."

"पाऊण तासात उरकेल का रे आराम?"

"उरकायचा नाही मामा, करायचा."

"आणि पाच वाजून सोळा मिनिटांनी?"

"मुरूड."

भाचेसून तेव्हा ओट्याजवळ उभी राहून मामींकडून पोह्याचे पापड भाजून घेत होती. ती काही बोलली नाही. तिने फक्त अजून एक पापड मागितला. तिचं कोष्टक वेगळं आहे हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

भाच्याने एसटीचा पासही काढून आणला होता. 'आवडेल तेथे प्रवास' ही एसटीची फार जुनी आणि फार चांगली योजना आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि एसटी नेईल तिकडे जायचं. नावात 'आवडेल तेथे' आहे, 'जमेल तितकं' नाही. पण पास हातात आला की माणसाची नियत बिघडते. पैसे भरून झालेले असतात, त्यामुळे जो तास गाडीत बसून जात नाही तो वाया गेला असं वाटायला लागतं. असे पासधारक मी स्थानकावर नेहमी बघतो. सकाळी एका गाडीतून उतरतात, पाटी वाचतात आणि समोरच्या गाडीत चढतात. कुठे चालला असं विचारलं तर क्षणभर विचार करून गाडीच्या पाटीकडेच बघतात. रात्रीची गाडी पकडून तिच्यातच झोप काढणारे वीर तर खास. लॉजचे पैसे वाचले म्हणून खूश असतात, आणि दुसऱ्या दिवशी मान एका बाजूला धरून जंजिरा बघतात. जंजिरा त्यांना आयुष्यभर तिरका आठवत असणार.

या उद्योगात आपण एकटे नाही, एवढंच समाधान. अष्टविनायक दोन दिवसांत करणाऱ्या गाड्या आमच्याच रस्त्यांवरून पालीला आणि महडला धडकतात. आठ देवळं, आठ रांगा, आठ ठिकाणी चपला शोधणं. ज्या देवासाठी ही धावपळ चालते त्याची प्रवासाबद्दलची मतं मात्र जगजाहीर आहेत. पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत लागली तेव्हा भाऊ मोरावर बसून निघून गेला आणि याने आईवडिलांभोवती फेरी मारून बसल्या जागी शर्यत जिंकली. गणपतीचे भक्त म्हणवणाऱ्या आपण मात्र कार्तिकस्वामीचा मार्ग धरलेला आहे, आणि मोराच्या जागी सतरा आसनी टेम्पो.

पहिल्या दिवशी भाचा हमरापूरला गेला तो कारखाने मोजायला. पेणच्या गणपतीचं वैशिष्ट्य असं, की भाद्रपद कितीही लांब असला तरी इथे वर्षभर मूर्ती होतच असतात. पौषात तर माघी गणपतीचं काम अंगावर आलेलं असतं. एका खोलीत साच्यातून निघालेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, दुसरीत पीतांबरांचे रंग, आणि कुठेतरी उजेडाकडे तोंड करून बसलेला डोळ्यांची आखणी करणारा कारागीर. भाच्याने फोटो काढले, पुढचा कारखाना बघितला, तिथलेही फोटो काढले. भाचेसून पहिल्याच कारखान्यात एका उलट्या डब्यावर बसली. आखणीवाल्याने एका मूर्तीच्या डाव्या डोळ्याची रेघ ओढली, मूर्ती जरा लांब धरून बघितली, मग उजव्या डोळ्याला हात घातला. रेघ ओढताना तो श्वास रोखतो आणि पूर्ण झाली की सोडतो, हे तिच्या लक्षात आलं. थोड्या वेळाने तीही त्याच्याबरोबर श्वास रोखायला लागली. दोनतीन मूर्तींना नजर आल्यावर त्याने तिला चहा विचारला. भाचा तिला शोधत परत आला तेव्हा सांकशीच्या किल्ल्याची वेळ टळून गेली होती, आणि किल्ला तसाही कैक शतकांपासून तिथेच उभा असल्यामुळे तो काही रागावला नाही. किल्ला. भाचा थोडा रागावला.

रात्री जेवताना त्याला शांत करण्यासाठी मी त्याला आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या प्रवाशाची गोष्ट सांगितली. पेण तालुक्यात वरसई नावाचं गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज होतं, आणि उत्तरेत बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी आली. यज्ञ म्हणजे दक्षिणा. तेव्हा १८५७ साली आपल्या काकांबरोबर भटजी निघाले. बेत अगदी आटोपशीर: जायचं, दक्षिणा घ्यायची, कर्ज फेडायचं. त्यांच्या कोष्टकात 'झाशीचा वेढा' हा रकाना नव्हता. पण साल बघा कुठलं निवडलं! वाटेतच बंड उसळल्याचं कळलं, आणि हा दक्षिणेसाठी निघालेला माणूस इतिहासाच्या भर मध्यात जाऊन पोचला. लुटला गेला, पुन्हा लुटला गेला, झाशीत अडकला, इंग्रजी फौजेने शहर घेतलं तेव्हा तिथेच होता. शेवटी तीर्थयात्रा करून, आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर वाहून परत वरसईला आला. पुढे चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहाने त्याने हे सगळं लिहून काढलं, आणि १९०७ साली 'माझा प्रवास' पुस्तकरूपाने लोकांसमोर आलं. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली प्रत छापली जायला १९६६ साल उजाडलं. पुस्तकंसुद्धा कधी कधी वाटेत मुक्काम करतात.

"म्हणजे मामा, बॅकपॅकिंगच की," भाचा म्हणाला.

"कावडीला दोन बाजूंना ओझं असतं. बॅलन्स तुझ्यापेक्षा बरा."

गोडसे भटजींचं पुस्तक मला दरवेळी एका कारणासाठी वाचावंसं वाटतं. ज्या गावांतून ते झपझप पुढे गेले ती गावं पानांतूनही झपझप जातात. झाशीत मात्र ते राहिले, तिथलं जेवले, पाण्यासाठी वणवणले, घाबरून लपले. म्हणून राणीच्या वाड्यातला दिनक्रम, हळदीकुंकवाचा थाट आणि नंतरची ती भयानक लूट हे सगळं त्यांच्याकडून इतकं तपशिलात येतं, की इतिहासकारांना आजही त्या भिक्षुकाचं बोट धरावं लागतं. भटजींनी झाशी 'केली' नाही, झाशीने भटजींना धरून ठेवलं. आता प्रत्येकाने वेढ्यात अडकावं असं माझं म्हणणं नाही. विश्रांतीसाठी वेढा हा जरा महागच उपाय आहे.

याच तालुक्यातला दुसरा पायी चालणारा म्हणजे विनोबा. जन्म गागोद्याचा, ११ सप्टेंबर १८९५. भूदानासाठी १९५१ पासून तेरा-चौदा वर्षं हा माणूस देशभर चालत होता. तरी त्यांच्या चालण्याला एक शिस्त होती: पहाटे अंधारात निघायचं, ऊन तापायच्या आत पुढच्या गावी पोचायचं, आणि मग तो दिवस त्या गावाचा. दोन गावं एका दिवशी उरकून टाकू, एक दान जास्त मिळेल, असला हिशेब नाही. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या माउलींच्या पालखीचंही असंच. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. रोज चालायचं, पण दुपारचा विसावा ठरलेला, आणि पुण्यात नि सासवडला दोन दोन दिवसांचा मुक्काम. विठोबा विटेवर अठ्ठावीस युगं उभा असल्यामुळे चार दिवस इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही, हे वारकऱ्यांना कळतं. आम्हा शहरी लोकांना मात्र सोमवारी सकाळी दहाला ऑफिसात उभं राहायचं असतं.

दुसऱ्या दिवसाच्या कोष्टकाची वाट समुद्राने लावली. भाच्याने कुलाबा किल्ला दुपारी बाराला ठेवला होता, आणि किल्ल्यात चालतच जायचं होतं. होडी मिळाली तरी नको. मी त्याला विचारलं, "उद्या तिथी कोणती?" त्याच्या कोष्टकात तारीख होती, वार होता, खर्चदेखील होता, तिथी नव्हती. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. आमच्याकडच्या किनाऱ्यावर भरतीचा साधा हिशेब असा, की तिथीचा आकडा पाऊणपट करायचा. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जास्तीत जास्त चढणार. भर बाराला कुलाब्याला चालत जायचं तर पोहता यायला हवं.

मी हे सांगितलं. तो म्हणाला, "बघू मामा, ॲडजस्ट करू." समुद्राशी ॲडजस्ट करण्याची त्याची पहिलीच वेळ असावी.

साडेअकराला त्याचा अलिबागहून फोन आला. किल्ला समोर, मधे पाणी. आवाजावरून वाटलं की पाण्याने हे मुद्दाम केलं असावं. "आता काय करायचं मामा? रेवदंडा करून येऊ का?" मी म्हटलं, जा. पण भाचेसून पलीकडून म्हणत होती, "मी इथेच बसणार आहे." फोन बंद झाला. मग तासाभराने एक मेसेज आला, त्यात फक्त शहाळ्याचा फोटो होता. मग बराच वेळ काहीच नाही. चारनंतर ओहोटीने वाळू उघडी पडत गेली तशी घोडागाड्या आणि माणसं किल्ल्याकडे निघाली, आणि हे दोघं पायांत चपला न घालता, घोट्याएवढ्या पाण्यातून, आंग्र्यांच्या त्या किल्ल्यात गेले. आतल्या गोड्या पाण्याच्या विहिरीतलं पाणी प्याले. सूर्य मावळायच्या आधी परत फिरले. रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड यांपैकी काहीही झालं नाही. 'आराम, ४.३० ते ५.१५' हाही झाला नाही. त्या वेळी ते किल्ल्यात होते. आराम झाला तो अकरा ते चार, सुरूच्या सावलीत, कोष्टकात नसताना.

अलिबाग या बाबतीत अनुभवी गाव आहे. तिथे एक चुंबकीय वेधशाळा आहे. ती आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्या गडबडीत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या बारीक नोंदी नीट होणार नाहीत, म्हणून १९०४ साली वेधशाळा अलिबागला हलवली. यंत्राला हवापालटाची गरज आहे हे सरकारला एवढ्या आधी कळलं होतं. माणसाच्या बाबतीत अजून अर्ज मंजूर करून घ्यावा लागतो.

तिसऱ्या दिवशी कोलाड. कुंडलिकेवरचं राफ्टिंग हे नदीच्या नव्हे, विजेच्या वेळापत्रकावर चालतं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. वर मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं. टाटांचं हे वीजघर १९२७चं; ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला होता तो हाच प्रकल्प. वीज तयार झाली की पाणी खाली कुंडलिकेत सुटतं, आणि ते सुटलं तर नदी उसळते, नाहीतर उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखी दगडांमधून वाट काढते. म्हणजे मुंबईला वीज हवी म्हणून भिऱ्याची चाकं फिरतात, आणि त्या विजेपासून पळून आलेला मुंबईकर उरलेल्या पाण्यावर किंचाळत रबरी होडीत बसतो. पाणी सकाळी येतं, म्हणून पहाटे उठावं लागतं. दुपारपर्यंत सगळं संपतं.

दुपारपर्यंत सगळं संपतं, हीच त्यातली सोय आहे. दहा-बारा किलोमीटर लाटा अंगावर घेऊन, भिजून, ओरडून माणूस काठावर येतो तेव्हा त्याच्यात अवचितगड चढण्याचं बळ नसतं. अवचितगड, घोसाळगड, तळगड आणि कुडा लेणी एका दिवसात मारणारे ट्रेकर आहेत, मी त्यांना भेटलेलो आहे. संध्याकाळी परत आले की त्यांना कुठला किल्ला कुठला हे पायांच्या दुखण्यावरून सांगावं लागतं. कुड्याची लेणी तर अशी, की मांदाडच्या खाडीकडे तोंड करून सव्वीस लेण्यांपैकी एकीच्या उंबऱ्यात बसून राहावं. बौद्ध भिक्खूंनी वर्षावासासाठी असली ठिकाणं निवडली, म्हणजे पावसाळाभर फिरणं बंद ठेवून एका जागी राहण्यासाठी. तिथे घाईने जाऊन घाईने परत येणं हा त्या जागेचा अपमान नसेल, पण गैरसमज नक्कीच आहे.

भाच्याने त्या दिवशी या चारांतलं एकही ठिकाण केलं नाही. त्याने रोह्याला कुंडलिकेच्या काठी जेवण केलं आणि मग स्टेशनवर जाऊन बसला. का, तर भाचेसुनेला कळलं होतं की कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर रोह्याला आहे. इथपर्यंत मध्य रेल्वे, इथून पुढे ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे. वीरपर्यंतचा रस्ता २०२१ साली दुहेरी झाला, पुढे बहुतेक एकेरीच. म्हणून कोकणात गाडी क्रॉसिंगला थांबते आणि माणसं दाराशी उभी राहून बाहेरच्या झाडांना नावं विचारतात. दोघं तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत राहिले. त्याला ठिकाण म्हणायचं की आराम, हा प्रश्न भाच्याने रात्री मला विचारला. रकाने दोन होते आणि गोष्ट एकच होती, त्यामुळे त्याचं कोष्टक अडलं होतं. मी म्हटलं, "अरे, पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे, त्यांना विचारायला हवं होतं हे." तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा.

आता कोणी म्हणेल की इतकं न बघता परत जायचं तर आलात कशाला. हा प्रश्न रास्त आहे. नुसतं लोळायचं तर पुण्यातल्या घरातली गादी काय वाईट आहे? मीही 'स्लो ट्रॅव्हल' म्हणत एका रिसॉर्टच्या आरामखुर्चीत चार दिवस काढणाऱ्यांचा चाहता नाही. त्यांना अलिबागला जाऊनही अलिबाग दिसत नाही, फक्त बिल दिसतं. माझं म्हणणं इतकंच, की आमच्या या मुलखात बऱ्याच चांगल्या गोष्टींची वेळ माणसाच्या हाती नाही. कुलाब्याची वेळ चंद्राच्या हाती, कुंडलिकेची भिऱ्याच्या, गाडीची क्रॉसिंगच्या, आणि रस्त्याची म्हणाल तर पनवेल ते इंदापूरच्या चौपदरीकरणाच्या, जे २०११ पासून चालू आहे. अशी एक गोष्ट दिवसाला धरावी. तिची वेळ बघून घ्यावी आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती मोकळा सोडावा. ती गोष्ट तुम्हाला थांबवते तेवढा वेळ आराम आपोआप होतो, आणि आराम करतोय अशी टोचणीही लागत नाही, कारण आपण 'वाट बघत' असतो. वाट बघणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोणी आळशी म्हणत नाही.

चौथ्या दिवशी बल्लाळेश्वराला नमस्कार झाला. सरसगड खालूनच बघितला, आणि खालूनही तो चांगला दिसतो असं दोघांचं एकमत झालं. सुधागडाला वेळ उरला नाही. संध्याकाळी आमच्या शेजाऱ्यांच्या वाडीत पोपटी लावायची होती.

रायगडात थंडीत राहून पोपटी न खाता परत जाणाऱ्याला मी प्रवासी मानत नाही. वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी हे सगळं मडक्यात भरायचं. मडक्याला आतून आणि तोंडाशी भांबुर्डीचा पाला लावायचा, मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती गवत, पेंढा, काटक्या रचून पेटवायच्या. मग काही करायचं नसतं. म्हणजे खरोखरच काही करायचं नसतं. मडकं उघडून बघता येत नाही, ढवळता येत नाही, आच कमी-जास्त करायला बटण नाही. वाडीतले चाळिशीचे, सत्तरीचे आणि सात वर्षांचे असे सगळे गोल बसतात आणि आगीकडे बघत राहतात. मधेच कोणी मडक्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून 'चुर्र' ऐकतो आणि म्हणतो, "अजून पाच मिनिटं." ही पाच मिनिटं तीनदा होतात. भाच्याने दोनदा घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा बघायला हात वर केला तेव्हा शेजारच्या काकांनी त्याच्या हातात पाल्याची पत्रावळ दिली, आणि हात त्याच कामाला लागला.

परतताना त्याने मला ते कोष्टक पाठवलं. म्हणाला, पुढच्या वेळी तुम्हीच भरा. मी पहिला रकाना 'तिथी' असा केला आहे, बाकी तसंच ठेवलं आहे. तुम्हीही कधी या बाजूला येणार असाल तर मागून घ्या, पाठवीन. मात्र एक लक्षात ठेवा: वालाच्या कोवळ्या शेंगा थंडी सरली की संपतात, आणि मग भांबुर्डीचा कितीही पाला मिळाला तरी पोपटी होत नाही. तेव्हा यायचं तर थंडीतच या, आणि त्या रात्रीच्या शेवटच्या गाडीचं तिकीट काढू नका.